काचेच्या कौलाखालची झाडं

उलवे,
८ डिसेंबर २०२४

प्रिय हुस्ना,

पाकिटावरचं अक्षर बघूनच ओळखलं असशील. अलिबागच्या डी.एड.च्या वसतिगृहात माझ्या अक्षराला तू मुंग्यांची वरात म्हणायचीस. वरात अजून चालूच आहे. गेल्या महिन्यात तुला दोनदा फोन केला. मी सांगितलं की गुडघे पार गेले, तर तू म्हणालीस, "माशाअल्लाह, मुबारक हो!" मग म्हटलं, कानाचं यंत्र ही बाई काही लावायची नाही. आपलं पत्रच बरं.

हे गेल्यापासून मी विपुलकडे असते हे तुला ठाऊक आहे. बारावा मजला. खिडकीतून लांबवर न्हावा शेव्याच्या क्रेन दिसतात. विपुलचे ट्रेलर तिथूनच माल उचलतात. आमचं मिठागर साधारण कुठे होतं ते मी अमिषाला बोटाने दाखवते आणि ती बिचारी दर वेळी "हो का मम्मी?" म्हणते. सून चांगली आहे. मी दिवसभर नुसती बसलेली तिला बघवेना, म्हणून तिने हॉलमध्ये कुंड्या आणून ठेवल्या आणि म्हणाली, "आजपासून ही तुमची ड्यूटी."

हुस्ना, सगळी मरतायत. मनीप्लांट पिवळा पडला. क्रोटनने आठवड्यात सगळी पानं टाकली, आता नुसती काठी उभी आहे. रंगीत अळूसारखं एक होतं, त्याला अमिषा कॅलेडियम म्हणते. त्याचं एकेक पान झोपत गेलं आणि शेवटी मातीच उरली. ती मी काल कचऱ्यात दिली.

माझी आई म्हणायची, मिठाच्या हाताला हिरवं लागत नाही. आमच्या मिठागराच्या बांधावर गवताची काडी उगवत नसे आणि आमच्या दारात कधी जास्वंद जगली नाही. शाळेत मुलांना बी कसं रुजतं ते मी शिकवायची तेव्हासुद्धा वाटीतले मूग मी रुजवत नसे, शिपाईमामांना सांगायची. तुझ्या घरात जंगल आहे. तूच सांग, उरलेल्या दोघांचं काय करू?

तुझी,
सखू

म्हसळा,
२० डिसेंबर २०२४

सखू, बाई ग,

सलाम. तुझं पत्र मी मंतशाला मोठ्याने वाचायला सांगितलं. शेजारची कॉलेजला जाणारी पोरगी आहे ती. मग तिचं मला ऐकू येईना म्हणून स्वतःच वाचलं. कॅलेडियमपर्यंत आले आणि कपाळावर हात मारला. अगं, ते मेलं नव्हतं, झोपलं होतं! थंडीत त्याचा कांदा मातीखाली झोपतो आणि मे महिन्यात उठतो. झोपलेल्या जिवाला कचऱ्यात टाकून आलीस आणि वर आईच्या म्हणी सांगतेस!

आता ऐक. क्रोटन मेलेलं नाही, रुसलंय. जागा बदलली की ते पानं टाकतं. त्याला उजेडाच्या खिडकीशी ठेव आणि मग इकडचं तिकडे करू नकोस. रोज उठून त्याची जागा बदलणं हा माझ्या सासूचा उद्योग होता, भांड्यांच्या बाबतीत. मनीप्लांटला तू बुडवतेयस. बोट मातीत खुपस दोन पेरं. कोरडं लागलं तरच पाणी. एसीच्या तोंडासमोर कुठलंही झाड नको. आणि मासळी धुतलेलं पाणी टाकत जा आठवड्यातून एकदा, मग बघ पानं कशी तुकतुकतात. माझी सगळी त्यावरच पोसलीत.

माझं जंगल तू पाहिलंस त्याला किती वर्षं झाली! तेव्हा ताजुद्दीन जहाजावर होते. प्रत्येक सफरीहून माझ्यासाठी अत्तर आणायचे आणि बॅगेत ओल्या टॉवेलात गुंडाळून एखादी फांदी. तेव्हा बंदरावर कस्टमवाले विचारत नसत. नावं त्यांना कधी माहीत नसायची, म्हणून घरात झाडांना बंदरांची नावं पडली. माजघरात छपराला काचेची कौलं घातली ती त्या झाडांसाठीच. सासूबाई म्हणायच्या, लोक घरात माणसांसाठी खिडक्या ठेवतात, माझ्या मुलाने पाल्यासाठी ठेवल्या. आता ते नाहीत. सिंगापूर आहे, मोंबासा आहे, पेनांग तर कौलापर्यंत पोचलंय. सकाळी वरून उजेड पडतो तेव्हा मी चहा घेऊन त्यांच्यात बसते, आणि खरं सांगते, तेवढा वेळ मी विधवा नसते.

आता मुद्द्याचं. माझा मुलगा कैस मला दोहाला बोलावतोय. सुनेला, मेहेकला, मे महिन्यात बाळ होणार, पहिलंच. तिची आई नाही. ईद झाली की निघायचं आणि निदान वर्षभर राहायचं. मला जायचं आहे, नातवंड मांडीवर घ्यायचं आहे. पण घर बंद करून गेले तर ही सगळी महिन्यात वाळतील. मोठी शेजारपाजारी देईन. नाजूक असतील तेवढी तू घे. म्हणून आतापासून शिक. तुझ्याशिवाय दुसऱ्या कुणाचं नाव माझ्या मनात आलं नाही.

तुझी हुस्ना

उलवे,
९ जानेवारी २०२५

प्रिय हुस्ना,

तुझ्या सल्ल्याचं फळ मिळालं. रविवारी विपुलने बोंबील आणले होते. ते धुतलेलं पाणी मी मोठ्या भक्तिभावाने सगळ्या कुंड्यांना घातलं. दुपारी खिडक्या बंद, एसी चालू. चारच्या सुमारास समोरच्या फ्लॅटमधल्या बाईंनी बेल वाजवली. त्यांच्या घरात कांदासुद्धा शिजत नाही. मग वरच्या मजल्यावरचे आले. मग सोसायटीचे सेक्रेटरी आले आणि हॉलमध्ये उभं राहून वास घेत म्हणाले, "काकी, कुठे उंदीर तर मेला नाही ना?" अमिषाने त्यांना चहा दिला. त्यांनी तो दारात उभं राहूनच घेतला.

तुझ्या माजघराला वारा आहे, समोर खाडी आहे. इथे बाराव्या मजल्यावर बोंबलाचं पाणी! हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. विपुल मात्र हसून हसून खाली बसला. हे गेल्यापासून त्याला इतकं हसताना मी पाहिलं नव्हतं, म्हणून तुला माफ केलं.

क्रोटनला एक कोंब आलाय. तो मी कुणाला दाखवला नाही. दृष्ट लागेल म्हणून नव्हे. उद्या गळून पडला तर पुन्हा सांगावं लागेल म्हणून.

तुझी नाजूक झाडं मी घेणार नाही, हुस्ना. राग मानू नकोस. ताजुद्दीनभाईंनी समुद्रावरून जपून आणलेली झाडं माझ्या हातून गेली तर मी तुला तोंड कसं दाखवू? फार तर एक दे. तुझ्याकडे एक होतं, संध्याकाळी पानं मिटणारं. कोलंबो ना? त्याची एक काडी एसटीच्या कंडक्टरकडे दे, विपुलचा माणूस पनवेलला उतरवून घेईल. जगलं तर पुढचं बोलू.

तुझी,
सखू

म्हसळा,
२४ जानेवारी २०२५

सखू,

बोंबील वाचून मी एकटीच इतकी हसले की मंतशा धावत आली. "खाला, काय झालं? बरं न्हाय वाटत?" तिला पत्र दाखवलं, मग दोघी हसलो. पण मी सांगितलं होतं मासळीचं पाणी. बोंबील कुणी सांगितला होता?

कोलंबो देणार नाही. मागितलेलं झाड जगत नाही आणि दिलेलं झाड रुसतं. झाड चोरून न्यावं लागतं, हे तुला मी सांगायला हवं? वसतिगृहाच्या रेक्टरबाईंच्या पडवीतलं पिवळ्या ठिपक्यांचं क्रोटन आठव. मी मालकिणीला बोलण्यात गुंतवलं होतं, "बाई, या क्रोटनला कुठलं खत घालता?" आणि तू मागून फांदी मोडून पोलक्यात लपवलीस. चीक लागून दोन दिवस खाजवत होतीस! पाण्याच्या बाटलीत खिडकीवर ठेवलेल्या त्या फांदीला मुळं फुटली त्या रात्री आपण साखर वाटली होती सगळ्या खोलीत. मिठाच्या हाताला हिरवं लागत नाही म्हणे! ती फांदी कुणाच्या हातून लागली होती?

रेक्टरबाईंना सगळं ठाऊक होतं हं. निरोपाच्या दिवशी मला म्हणाल्या, "क्रोटन नीट ने, एसटीत पाय लागेल कुणाचा." तेव्हा मी लाजेने मेले होते. आज त्या आठवल्या की वाटतं, पुन्हा एकदा जाऊन त्यांच्या पाया पडावं.

तर ये आणि चोरून ने. पनवेलहून श्रीवर्धनची गाडी धर, माणगावला चहा पी, म्हसळ्याला उतर, तिथून रिक्षा. ईदनंतर मी नसेन. आपलं वय असं आहे की वर्षभराने म्हणणं बरं नव्हे.

हुस्ना

उलवे,
१२ फेब्रुवारी २०२५

प्रिय हुस्ना,

यायचं मनात फार आहे. पण गुडघ्याला गरम पाण्याची पिशवी लावल्याशिवाय सकाळ होत नाही. विपुलला वेळ नाही, ड्रायव्हर मिळत नाहीत म्हणून कधीकधी तो स्वतःच ट्रेलर काढतो. अमिषा म्हणते, "मम्मी, अकेल्या कुठे जाणार तुम्ही? पडला बिडला तर?" बघते. पुढच्या महिन्यात जमवते.

क्रोटनला आता पाच पानं आहेत. त्यातलं एक लाल आहे. मनीप्लांट सावरला. कुंडीखाली ताटलीत खडे आणि पाणी ठेवायचं, म्हणजे एसीतही हवा ओलसर राहते, हे अमिषाने मोबाईलवर शोधून काढलं. ती आता ऑफिसमधून आल्यावर चप्पल काढायच्या आधी झाडांकडे जाते.

उन्हाळा सुरू होतोय. आमच्याकडे या दिवसांत मिठागरात पाय भेगाळलेले असायचे, आणि संध्याकाळी बांधावर पांढऱ्या राशींवर ऊन पडलं की डोळे दिपायचे. बाबा म्हणायचे, "बघ गो सखू, आपला पीक." ते पीक मला अजून स्वप्नात दिसतं. सकाळी उठून बघते तर क्रेन.

तुझी,
सखू

म्हसळा,
२७ फेब्रुवारी २०२५

सखू,

परवा रमजान सुरू होईल. तू पुढच्या महिन्यात म्हणालीस, तो पुढचा महिना मला ठाऊक आहे. गेल्या सात-आठ वर्षांत तो आला नाही.

शेजारी विचारून झालं. मंतशाच्या आईने दोन कुंड्या घेतल्या. बाकीचे म्हणतात, ठेवा खाला, पाणी घालू अधूनमधून. अधूनमधून म्हणजे काय ते मी शाळेच्या बागेत पाहिलंय. मी कैसला सांगून टाकलं, माझं काही खरं नाही, तिकीट काढू नकोस. मग मेहेकने फोन घेतला आणि काहीतरी बोलली. मला ऐकू आलं नाही. पण ती रडत होती एवढं कळलं.

झाडांपायी पोरीला रडवतेय असं वाटतं. आणि ती झाडं टाकून जायचं म्हटलं की ताजुद्दीनना दुसऱ्यांदा पुरतेय असं वाटतं. कुणाला सांगू हे? तुला सांगितलं.

हुस्ना

म्हसळा,
१९ मार्च २०२५

सखूबाई,

काल दुपारी मी जुहरची नमाज पढून माजघरात जरा आडवी झाले. रोजा होता, डोळा लागला. उठून बघते तर कोलंबोची कुंडी गायब! मांजराने पाडली म्हणून शोधली, मग मंतशाला हाक मारली. ती म्हणते, "खाला, ती बाई घेऊन गेली नाय का? पांढऱ्या केसांची, चष्मेवाली, पाय ओढत चालत होती. मला वाटला तुम्हीच दिलाव."

पांढरे केस, चष्मा, पाय ओढत. दुसरी कोण असणार?

अगं मूर्ख बाई! पनवेलपासून इथवर एसटीतून हाडं खिळखिळी करून आलीस, माझ्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलंस, माझ्या उशापासून कुंडी उचललीस आणि मला न उठवता गेलीस? काय समजलीस तू? चोरीचं मी लिहिलं ते तू यावीस म्हणून लिहिलं! तुला काडी हवी होती तर मी ट्रक भरून झाडं पाठवली असती. मला झाड द्यायचं नव्हतं. मला तुला बघायचं होतं. एवढं साधं कळू नये? बावीस मुलांना पाढे शिकवणारी बाई तू!

मी काल रोजा सोडताना खजूर हातात घेऊन रडले. रमजानात कुणाला वाईट बोलू नये म्हणतात म्हणून एवढंच लिहिते. बाकीचं ईदनंतर लिहीन.

हुस्नबानू

उलवे,
२६ मार्च २०२५

प्रिय हुस्ना,

तू म्हणतेस ते सगळं बरोबर. मूर्ख म्हणालीस तेही.

तुझं फेब्रुवारीचं पत्र वाचून मला घरात बसवेना. अमिषाने सुट्टी घेतली, मला पनवेलला गाडीत बसवून दिलं, कंडक्टरला चार वेळा सांगितलं. मी सबंध वाटभर एकच घोकत होते. मालकिणीने बघितलं तर झाड लागत नाही. आमच्यात हे पक्कं आहे गो. माझ्या चुलतीने बहिणीच्या दारातला मोगरा बहिणीची पाठ असतानाच नेला होता. मला वाटलं, आधी चोरी करू, कुंडी बाहेर रिक्षात ठेवू, मग पुढच्या दाराने येऊन हाक मारू. रिक्षावाल्याला थांबवलंसुद्धा होतं.

पण आत आले तर तू झोपलेली. तुझ्या तोंडावर काचेच्या कौलाचा उजेड होता. तू किती म्हातारी दिसलीस, हुस्ना! आपण एकाच वयाच्या, म्हणजे मीही तशीच असणार, पण मी स्वतःला झोपलेलं कधी बघितलं नाही. मग भिंतीशी दोन नव्या बॅगा दिसल्या, कैसने पाठवलेल्या असाव्यात, अजून प्लास्टिकसकट. त्या बघितल्या आणि माझं धैर्य संपलं. तुला उठवलं असतं, तू हसली असतीस, चहा केला असतास, रोजा असून माझ्यासाठी केला असतास, आणि मग मला म्हणावं लागलं असतं की जा, सुखाने जा. ते मला म्हणवत नव्हतं. यांना न्यायला गाडी आली तेव्हाही मी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले होते. मला निरोप देता येत नाही. कोलंबो उचललं आणि चोरीचा नियम पुढे करून निघाले.

थोडा वेळ मात्र मी तिथे बसले होते, तुझ्या खाटेजवळ, जमिनीवर. उजेड सरकत होता. पेनांगच्या पानांतून वारा येत होता. कुणी मला विचारलं नाही, मम्मी, काही हवं का. माझ्याकडे कुणाचं लक्षच नव्हतं. किती बरं वाटलं ते तुला सांगता येत नाही.

कोलंबो जिवंत आहे. पहिले दोन दिवस त्याच्या कडा करपल्या, मग मी त्याला एसीपासून लांब न्हाणीघराच्या खिडकीशी ठेवलं, तिथे वाफ असते. काल दिवेलागणीला, तुमच्या मगरिबच्या वेळेला, सगळी पानं उभी राहून मिटली. विपुल दारात होता. म्हणाला, "आई, हा तर दुआ मागतो." मी म्हटलं, हुस्नामावशीच्या घरचं आहे, त्याला वळण आहे.

एक सांगते. ती झाडं कुणाला वाटू नकोस. मी बघितलंय त्यांना. ती त्या कौलाखालचीच आहेत. तिथून हलवलीस तर क्रोटनसारखी पानं टाकतील, आणि माझ्यासारखी बाराव्या मजल्यावर बसून पाच पानं यायला महिने लावतील.

तुझी,
सखू

म्हसळा,
३ एप्रिल २०२५

प्रिय सखू,

ईद मुबारक. शिरखुर्मा तुझ्या वाटणीचा मंतशाने खाल्ला.

तुझं पत्र वाचलं आणि राग कुठे गेला कळलं नाही. शोधला, सापडला नाही. मीसुद्धा निरोपाला कच्चीच आहे. ताजुद्दीन बंदरावर निघायचे तेव्हा मी मुद्दाम भांडण काढायची, म्हणजे रडू दिसू नये. त्यांना ते माहीत होतं. भांडणाच्या तयारीनेच ते बॅग उचलायचे.

कैसने न विचारता तिकीट काढलं. अठरा तारीख. म्हणतो, अम्मी, नको असेल तर फाडून टाक. मोबाईलमधलं तिकीट कसं फाडतात ते मला माहीत नाही.

तू लिहिलंस की झाडं तिथून हलवू नकोस. बरोबर. मग कुणीतरी इथे यायला हवं. आडून आडून बोलण्याचा परिणाम मी पाहिला, म्हणून आता सरळ लिहिते. तू ये. राहायला. वर्षभर. माझी खाट आहे, पंखा आहे, खाडीवरून वारा येतो. तुझा देव तू माजघरात हव्या त्या कोनाड्यात ठेव. शुक्रवारी मोहल्ल्यातून कुणी ना कुणी बिर्याणी आणतं. तुला नको असेल तर न्हाय म्हण, राग येणार नाही. थोडा येईल, दुसऱ्या दिवशी जाईल.

विपुलला काय वाटेल, लोक काय म्हणतील, गुडघा, देऊळ लांब, सगळी कारणं मी तुझ्या वतीने मांडून ठेवलीत. तू फक्त यायचं की नाही ते ठरव. आणि यायचं असेल तर पुढच्या दाराने, दिवसाउजेडी, हाक मारून ये.

तू आली नाहीस तर मी जाणार नाही. ही धमकी नाही. मला खरंच जाता येणार नाही.

हुस्ना

म्हसळा,
२० जुलै २०२५

प्रिय हुस्ना,

तुझ्या घरातून तुलाच पत्र लिहायचं म्हणजे गंमतच. वर काय लिहावं इथेच अडले होते.

तू गेल्यापासून तीन महिने पत्र लिहिलं नाही त्याचं कारण आधी सांगते. मंतशाच्या मोबाईलवर तुझा चेहरा दिसायचा, बाळ दिसायचं, तू ओरडायचीस, मी ओरडायची, आणि मोबाईल बंद झाला की लक्षात यायचं की काहीच बोललो नाही. बाळाचं नाक ताजुद्दीनभाईंचं आहे हे मात्र मी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं. तुला "नाही" ऐकू आलं की काय कोण जाणे.

मला सोडायला विपुल स्वतः आला तेव्हा त्याचं तोंड तू बघितलंस. वाटेत माणगावला आम्ही चहाला थांबलो. मग म्हणाला, "आई, लोक म्हणतील, आईला दुसऱ्याच्या घरी ठेवली." मी म्हटलं, सांग त्यांना, आई नोकरीला लागली. त्या दोन रात्री आपण दोघी एका खाटेवर कशा मावलो हे नवलच. तू मला एकेक कुंडी ओळखायला लावत होतीस आणि मी सिंगापूरला मोंबासा म्हटलं की मारत होतीस. आणि निघताना भांडलीस! चावी कुठे ठेवायची यावरून! मी आधीच वाचलेलं होतं म्हणून मीही भांडले. मग गाडी वळली आणि मी स्वयंपाकघरात गेले नाही. दारातच उभी राहिले, गाडी दिसेनाशी होईपर्यंत. आयुष्यात पहिल्यांदा.

मेमध्ये तुझी सगळी कॅलेडियम उठली. रोज सकाळी मातीतून एक टोक वर आलेलं असायचं. मी वेड्यासारखी मंतशाला उठवायला जायची. तिची आई म्हणते, "सखूखाला, पोरीची परीक्षा हाय." हो, मी आता खाला आहे. कोपऱ्यावरचा मासळीवालासुद्धा खालाच म्हणतो आणि धुतलेलं पाणी बाटलीत भरून देतो. इथे ते खुशाल घालते. कुणी सेक्रेटरी येत नाही.

सगळं हिरवं आहे असं समजू नकोस. पेनांगची एक मोठी फांदी वादळात काचेच्या कौलासकट खाली आली. झाड जगलं, पण कौल तुमच्याकडचं जुनं, आता मिळत नाही. श्रीवर्धनच्या माणसाने जे बसवलं त्यातून उजेड थोडा निळसर येतो. मला आवडत नाही, तुलाही आवडणार नाही. आणि मोंबासाच्या शेजारचं ते पांढऱ्या रेषांचं, ज्याचं बंदर तुलाही आठवत नव्हतं, ते गेलं. मी पाणी जास्त घातलं. त्या दिवशी जेवले नाही. पण मग संध्याकाळी उठून बाकीच्यांना पाणी घातलं, कारण तीही तहानेलीच होती.

कोलंबो अमिषाकडेच आहे, तिने परत द्यायला साफ नकार दिला. आता तिने न्हाणीघरात इतकी झाडं केलीत की विपुल म्हणतो अंघोळीला रांग लावावी लागते. दर रविवारी ती मला झाडांचे फोटो पाठवते आणि विचारते, मम्मी, हे पिवळं का पडलं? मी म्हणते, बोट खुपसून बघ.

सकाळी चहा घेऊन मी त्यांच्यात बसते. यांची आठवण येते, पण आता रडायला येत नाही, बोलायला येतं. मिठागराच्या गोष्टी मी पेनांगला सांगते. ऐकून घेतं बिचारं. माझे हात हल्ली मातीने काळे असतात, नखं तर विचारू नकोस. आई असती तर तिला दाखवले असते.

कैस म्हणत होता की मेहेकची रजा संपली, तर तू आणखी वर्षभर राहशील. तू त्याला हो म्हणालीस की नाही हे सांगितलं नाहीस. तुझ्या उशीवर झोपताना रोज तुझी आठवण येते, हुस्ना. तू लवकर परत ये. तुला बघितल्याशिवाय मला मरायचं नाही. पण घाई करू नकोस. मला इथे अजून राहायचं आहे.

तुझी,
सखू